सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ : नाव रामायणाचे, झाड अमेरिकेचे, औषध कुणाचे?

१/
रामटेकच्या गडावर राम-सीतेचे आणि लक्ष्मणाचे मंदिर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास विदर्भातल्या कोणत्याही बाजारात सीताफळांच्या टोपल्या असतात आणि पुढे काही महिन्यांनी रामफळ येते. अलीकडे त्यात तिसरे नाव आले आहे : लक्ष्मणफळ. मंदिर आणि टोपली यांच्यामधली मोकळी जागा भरून काढणारी एक कथा दरवर्षी मोबाइलवरून फिरते. वनवासात राम, सीता आणि लक्ष्मण यांनी ही फळे खाल्ली, ऋषींनी त्यांचे औषधी गुण ओळखले, आणि आज पाश्चात्त्य विज्ञान सांगते की लक्ष्मणफळाचा पाला कर्करोगावर केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी आहे.

२/
या कथेत तीन विधाने एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. फळ प्राचीन आहे. प्राचीन आहे म्हणून निर्धोक आहे. निर्धोक आहे म्हणून रोग्याने ते बेधडक घ्यावे. पहिले विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. दुसरे पहिल्यातून निघतच नाही. तिसरे जीवघेणे ठरू शकते. हा धागा या तिन्हींविषयी आहे, आणि आरंभ रामटेकपासूनच करणे योग्य, कारण रामाच्या नावाचा प्राचीन पुरावा मागायचा तर तो देणारी महाराष्ट्रातली ही फार भक्कम जागा आहे.

३/
रामटेक म्हणजे रामगिरी. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पादमूलातून दिलेला आहे. म्हणजे पाचव्या शतकात येथे रामगिरीचा स्वामी पूजिला जात होता, हे धातूवर कोरलेले आहे. केवल-नरसिंह मंदिरातला वाकाटककालीन शिलालेख आहे. लक्ष्मणमंदिरावर यादव राजा रामचंद्राच्या काळचा लेख आहे. त्यात इथल्या तीर्थांची नावे येतात. पुढे अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी गडाला पुन्हा वैभव दिले. ज्या स्थळाला दीड हजार वर्षांचा अस्सल पुरावा आहे, त्याला बनावट पुराव्याचा आधार देण्याची गरज का भासावी?

४/
आता झाडाकडे. सीताफळ, रामफळ आणि लक्ष्मणफळ ही तिन्ही एकाच अ‍ॅनोना वंशाची भावंडे. सीताफळ म्हणजे अ‍ॅनोना स्क्वामोसा, रामफळ म्हणजे अ‍ॅनोना रेटिक्युलाटा, लक्ष्मणफळ म्हणजे अ‍ॅनोना म्युरिकाटा. तिन्हींचे मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात, कॅरिबियन बेटे, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग या पट्ट्यात. लक्ष्मणफळाला ब्राझीलमध्ये ग्रॅव्हिओला म्हणतात आणि पाल्याच्या पुड्या, कॅप्सूल याच नावाने जगभर विकल्या जातात. मराठीत त्याला मामफळही म्हणतात. काही विक्रेते त्यालाच हनुमानफळ म्हणतात, तर काही जण हनुमानफळ हे नाव चेरिमोया या चौथ्याच फळाला देतात. औषध म्हणून विकली जाणारी वस्तू नेमकी कोणती, याबद्दलच एकमत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

५/
वनवासातल्या फळांचे काय? वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात चित्रकूटावरच्या वृक्षांची लांबलचक यादी आहे. आंबा, जांभूळ, फणस, चार, धावडा, लोध्र, बेल, टेंभुर्णी, मोह, बोर, आवळा. सीताफळाचा पत्ता नाही. ही यादी वाचणाऱ्या नागपूरकराला एक गंमत लक्षात यावी : यातली बहुतेक झाडे रामटेकपासून पेंचच्या जंगलापर्यंत आजही उभी आहेत. वनवासाचे अस्सल फळ चाखायचे असेल तर चारोळीचे आंबटगोड फळ आणि पिकलेले टेंभुरण चाखावे. ही फळे मात्र कुणाच्या मोबाइलवर फिरत नाहीत, कारण त्यांच्या नावात देव नाही.

६/
कालिदासाचे मेघदूत रामगिरीच्या आश्रमांपासून सुरू होते. हा रामगिरी म्हणजे रामटेकच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. छत्तीसगडातल्या सरगुजा भागातील रामगढ हा प्रतिस्पर्धी दावाही आहे. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट काव्यात स्पष्ट आहे. यक्ष मेघाचे स्वागत कुड्याच्या ताज्या फुलांनी करतो. काव्यात जांभूळ येते, आंबा येतो, कदंब, केतकी, शिरीष, बकुळ, लोध्र येतात. वनस्पतींवर इतके बारीक लक्ष असलेल्या कवीला सीताफळ दिसले नाही, कारण पाहायला ते नव्हते. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांतही ते नाही. संस्कृतात त्याला गंडगात्र वगैरे नावे मिळाली ती फार पुढच्या, अर्वाचीन निघंटूंत.

७/
भाषाही हेच सांगते. बंगालीत सीताफळ म्हणजे आता. मल्याळममध्ये आत्तच्चक्का. पोर्तुगीजमध्ये आता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने केरळच्या वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात या दोन झाडांची नावे आतामरम आणि अनोनामरम अशी नोंदली आहेत. मरम म्हणजे झाड. अनोन हा कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा शब्द, आणि तोच पुढे लिनियसने वंशनाम म्हणून घेतला. समुद्रकिनाऱ्यावर फळ आपल्या परदेशी नावासह उतरले. देशावर चढताना त्याने नाव बदलले.

८/
प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून तोही येथे. अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७९ साली भारहूतच्या स्तूपावर ग्रंथ प्रसिद्ध केला. शिल्पांतल्या गोलसर, खवल्यांच्या फळांत त्याला सीताफळ दिसले आणि त्यावरून हे फळ कोलंबसाच्या कितीतरी आधी भारतात होते, असे त्याने मांडले. त्यावर तेव्हाच वाद झाला. हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध कोशात या फळावर लांबलचक नोंद आहे ती याच वादामुळे. दगडातली उंचवटेदार गोल आकृती सीताफळ असू शकते, कदंबाचे फूल असू शकते, कोवळा फणस असू शकतो, किंवा नुसती नक्षी. शिल्पावरून वनस्पतीची जात ठरवणे हा फार निसरडा उद्योग आहे.

९/
याहून वजनदार पुरावा अलीकडचा. मिर्झापूर जिल्ह्यातल्या टोकवा येथील नवाश्मयुगीन थरांत आणि पंजाबातल्या संघोल येथे सीताफळाच्या जळक्या बिया मिळाल्याचा दावा अनिल पोखरिया आणि सहकाऱ्यांनी २००९ साली रेडिओकार्बन या नियतकालिकात मांडला. टोकव्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला. हा दावा गंभीर आहे आणि गंभीरपणेच घ्यावा. पण त्या संशोधकांनी काय मांडले, तेही नीट वाचावे. हे झाड मूळचे भारतीय आहे, असे ते म्हणत नाहीत. अमेरिका आणि आशिया यांच्यात कोलंबसापूर्वी समुद्रमार्गे संपर्क असावा, अशी शक्यता ते सुचवतात. म्हणजे त्यांच्या मतेही झाड अमेरिकेचेच.

१०/
आणि समजा, उद्या शंभर ठिकाणी अशा बिया सापडल्या. त्यातून लक्ष्मणफळाचा पाला अर्बुद विरघळवतो हे कसे सिद्ध होईल? जळक्या बीवरून इतके कळते की कुणीतरी ते फळ खाल्ले किंवा ते झाड जवळपास होते. औषधाचा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. फिरत्या मजकुराची सारी भिस्त या एका सांधेजोडीवर आहे, आणि वादात उतरणारे बहुतेक जण पुरातत्त्वावर भांडत बसतात, सांध्याकडे पाहतच नाहीत.

११/
नाव का बदलले, याचे उत्तर कटकारस्थानात शोधू नये. लोक परक्या गोष्टीला घरातले नाव देऊन घरात घेतात. रामनवमीच्या किंवा एकादशीच्या उपवासाचे ताट पाहावे : साबुदाणा ब्राझीलकडच्या कसाव्याच्या कंदाचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीज पर्वताचा, रताळे अमेरिकेचे, मिरचीही तिथलीच. ज्या ताटात गहू-तांदूळ निषिद्ध, त्यात अख्खी अमेरिका पवित्र! हे हसण्यासारखे आहे, लाजण्यासारखे नाही. सीताफळ हे नाव याच मायेतून आले. चूक तेव्हा सुरू होते, जेव्हा मायेने दिलेले नाव जन्मदाखला म्हणून पुढे केले जाते.

१२/
कसाव्यावरून आठवले. कडू कसाव्याच्या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांनी तो किसून, पिळून, भाजून खाण्याची रीत शोधली. त्यांचे खरे ज्ञान कंदापेक्षा त्या प्रक्रियेत होते. वनस्पती समुद्र ओलांडते तेव्हा तिच्याविषयीचे सावधपण तिच्याबरोबर येईलच असे नसते. अ‍ॅनोनाच्या बाबतीत नेमके हेच घडले. कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेत लक्ष्मणफळाच्या पाल्याचा काढा झोपेसाठी, तापासाठी देत. बियांची पूड उवा आणि किडी मारायला वापरत. किडी मारणारी वस्तू आणि पोटात घेण्याची वस्तू एकाच झाडावर आहेत, हे तिथल्या परंपरेला ठाऊक होते. नव्या बाजारात कर्करोग हा एकच शब्द उरला.

१३/
परदेशी औषध स्वीकारण्याची भारतीय परंपरा कशी होती, याचा उत्तम दाखला सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात आहे. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या उपदंशासारख्या व्याधीला भावमिश्राने सरळ फिरंगरोग म्हटले. त्यावरच्या औषधाला, चोपचिनीला, त्याने नाव दिले द्वीपान्तरवचा. म्हणजे दुसऱ्या द्वीपातून आलेले वेखंड. रोग परका, औषध परके, दोन्हींवर परकेपणाचा शिक्का, आणि तरीही शास्त्रात दोन्हींना जागा. चोपचिनी जानकीने पंचवटीत लावली होती, अशी कथा रचण्याची त्याला गरज वाटली नाही. भावमिश्राचा हा मोकळेपणा आजच्या परंपराभिमान्यांना का झेपू नये?

१४/
आता रसायनाकडे. अ‍ॅनोना कुळात अ‍ॅसिटोजेनिन नावाच्या द्रव्यांचा मोठा समूह असतो. बियांत त्याचे प्रमाण विशेष. पेशीतली ऊर्जा जिथे तयार होते त्या तंतुकणिकेत कॉम्प्लेक्स-१ नावाचे विकर असते. ही द्रव्ये ते बंद पाडतात. पेशीची वीजच तोडली जाते. म्हणून किडी मरतात, म्हणून परीक्षानळीतल्या कर्कपेशीही मरतात. शेळ्या सीताफळाच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. खडकाळ, चराऊ टेकड्यांवर हे झाड टिकून राहते ते त्यामुळेच. सेंद्रिय शेती करणारा शेतकरी दशपर्णी अर्कात कडुनिंब, करंज, रुईबरोबर सीताफळाचा पाला घालतो तो कीड मारण्यासाठीच. ज्या पाल्याचा अर्क शेतकरी नाकातोंडाला रुमाल बांधून फवारतो, तोच पाला शहरातला माणूस मधात कालवून घेतो.

१५/
‘दहा हजार पट’ हा आकडा कुठून आला? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लक्ष्मणफळाच्या बियांतून काही नवी अ‍ॅसिटोजेनिन वेगळी करण्यात आली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात एका द्रव्याचा परिणाम आतड्याच्या कर्कपेशींच्या एका प्रयोगशाळेतील वाणावर अ‍ॅड्रियामायसिनच्या दहा हजार पट आढळला, अशी नोंद होती. द्रव्य एक, पेशींचा वाण एक, आणि सगळे काचेच्या ताटलीत. पाल्याचा काढा त्यात नव्हता आणि रोगीही नव्हता. काचेतल्या पेशी मिठाच्या तीव्र पाण्यानेही मरतात. म्हणून मीठ हे कर्करोगाचे औषध ठरत नाही. औषधाला रोगग्रस्त पेशी मारून निरोगी माणूस जगवावा लागतो. लक्ष्मणफळाने माणसातला कर्करोग बरा होतो, हे दाखवणारी विश्वासार्ह चाचणी आजपर्यंत झालेली नाही.

१६/
आणि आता ग्वादलूप. कॅरिबियन समुद्रातले हे फ्रेंच बेट. तिथे मज्जाविकारतज्ज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली : कंपवातासारखे रुग्ण पुष्कळ, पण नेहमीच्या कंपवाताच्या औषधाला दाद न देणारे. डोमिनिक कापारो-लफेव्र आणि अलेक्सी एल्बाझ यांनी १९९९ साली लॅन्सेटमध्ये ८७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत नेहमीचा पार्किन्सन असलेले केवळ २२. बाकीच्यांत बहुसंख्यांना चमत्कारिक, झपाट्याने वाढणारे विकार : तोल जाणे, डोळ्यांची हालचाल अडणे, बुद्धिभ्रंश. या रुग्णांत लक्ष्मणफळ आणि त्याच्या पाल्याचा काढा नेमाने घेणारे लक्षणीय प्रमाणात होते.

१७/
पुढे फ्रेंच संशोधकांनी या फळातले अ‍ॅनोनॅसिन हे द्रव्य तपासले. चेतापेशींच्या संवर्धनात ते विषारी ठरले. उंदरांच्या शिरेतून २८ दिवस दिल्यावर मेंदूतल्या, हालचाली नियंत्रित करणाऱ्या भागांत पेशी नष्ट झाल्या. दररोज एक फळ किंवा त्याच्या रसाचा एक डबा घेणारा माणूस वर्षभरात जितके अ‍ॅनोनॅसिन पोटात घालील, ते उंदरांना दिलेल्या मात्रेच्या तोडीचे भरते, असा अंदाज त्यांनी बांधला. येथेही काटेकोर राहावे : उंदरांना ते शिरेतून दिले होते, माणूस ते पचनमार्गातून घेतो, आणि ग्वादलूपच्या रोगाचे कारण हेच फळ, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. पण संशयाचे वजन इतके आहे की कंपवाताच्या रुग्णाने या वनस्पतीपासून दूरच राहावे. दुसरीकडे कर्करोगावरच्या गुणाचा पुरावा काचेच्या ताटलीपलीकडे गेलेलाच नाही. धोक्याचा पुरावा निदान बेटावरच्या माणसांपर्यंत तरी पोचला आहे! मोबाइलवरच्या मजकुरात ताटली असते, बेट नसते.

१८/
मग सीताफळ खाऊ नये काय? हा प्रश्न विचारला जाणारच. हंगामात पिकलेले सीताफळ किंवा रामफळ खाण्यात धोका आहे, असा पुरावा नाही. गर आणि बी, गर आणि पाला, फळ आणि अर्क, आठवड्यातून एकदा आणि वर्षभर रोज, यांत अंतर आहे, आणि सारा विषय या अंतरातच आहे. गर खावा, बी थुंकावी, हे विदर्भातल्या शाळकरी पोरालाही शिकवावे लागत नाही. बी अखंड गिळली गेली तर तिच्या कठीण कवचामुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. फोडलेली, वाटलेली बी ही वेगळी गोष्ट.

१९/
त्या वाटलेल्या बीविषयी दोन शब्द अधिक, कारण महाराष्ट्रात खरे नुकसान लक्ष्मणफळापेक्षा तिनेच जास्त केले असावे. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला चोळण्याची रीत जुनी आहे. पूड किंवा तिचे पाणी डोळ्यांत उतरले की तीव्र दाह होतो, पारपटलावर जखम होते, डोळे उघडत नाहीत. नेत्रवैद्यांच्या नियतकालिकांत भारतातून आणि आग्नेय आशियातून अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत. याच पुडीचा गर्भपातासाठी वापर हा त्याहून भयंकर प्रकार. तो सांगणारी पुस्तके बाजारात आहेत आणि त्या पुस्तकांना आजीबाईचा बटवा म्हणून मान मिळतो. बटव्यातल्या आजीला निदान मात्रा ठाऊक असे.

२०/
मात्रा हा शब्द मुद्दाम वापरला. रामटेकच्या गडाजवळ नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. रसशास्त्राचा सिद्ध नागार्जुन तिथे राहिला, अशी जनश्रुती आहे. ती जनश्रुतीच समजावी. पण ज्या शास्त्राशी त्याचे नाव जोडले जाते, ते शास्त्र द्रव्य आहे म्हणून लगेच पोटात घाला असे म्हणत नाही. शोधन हवे, मारण हवे, मात्रा हवी, अनुपान हवे, पथ्य हवे. आयुर्वेद प्रत्येक द्रव्याचे रस, वीर्य, विपाक विचारतो. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रकृतीला, किती दिवस, हे विचारतो. लक्ष्मणफळाचा मजकूर यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो आधुनिक वैद्यकाच्या परीक्षेत नापास होतो हे सर्वांना दिसते. आयुर्वेदाच्या परीक्षेलाही तो बसलेला नाही, हे फारसे कुणी सांगत नाही.

२१/
आता यक्षाच्या हातातल्या त्या कुड्याच्या फुलांकडे परत. कुडा म्हणजे संस्कृतातला कुटज. त्याची साल अतिसारावर आणि रक्ती आवेवर चरककाळापासून वापरात. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी आजही वैद्य देतात. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, ब्राझीलच्या जंगलात, याच रोगावर एक मूळ वापरात होते : इपेकाक. १६४८ साली पीसो आणि मार्कग्राफ यांच्या ब्राझीलवरील ग्रंथात त्याचे वर्णन युरोपात पोचले. १८१७ मध्ये पेल्तिए आणि माजांदी यांनी त्यातून एमेटीन वेगळे केले. १९१२ मध्ये कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सने अमीबाजन्य आवेवर एमेटीनची टोचणी यशस्वीपणे वापरली आणि भारतात असंख्य जीव वाचले.

२२/
ब्राझीलच्या त्या मुळाला कुणी रामायणातले नाव दिले नव्हते. त्याची कसोटी रोग्याच्या खाटेपाशी झाली आणि तो त्या कसोटीला उतरला. मग त्याच कसोटीने त्याचे दोषही उघड केले : एमेटीन हृदयाच्या स्नायूला इजा करते, म्हणून मात्रा आणि दिवस मोजूनच द्यावे लागते, आणि मेट्रोनिडेझोलसारखी अधिक सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. कुड्यातल्या कोनेसीनचाही अभ्यास झाला आणि मोठ्या मात्रेत ते मज्जासंस्थेला बाधते, हे कळले. शिवाय पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन वेगळी झाडे, एकाच्या जागी दुसऱ्याची साल खपवली जाते. एक औषध रामगिरीचे, एक ब्राझीलचे. दोघांनाही प्रश्न तेच विचारले गेले. लक्ष्मणफळाला तेवढी सूट कशासाठी?

२३/
यातला खरा बळी पैशाने नागवला जाणारा ग्राहक नव्हे. पाचशे-हजार रुपये गेले तर गेले. बळी तो, जो काढ्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया तीन महिने पुढे ढकलतो. अमेरिकेतल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बऱ्या होऊ शकणाऱ्या, न पसरलेल्या कर्करोगात प्रमाणित उपचार टाळून केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रुग्णांचा त्यात विचार होता. त्यांच्यातला मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात ही तफावत याहूनही मोठी होती. रामटेकहून नागपूर पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि तिथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. हे अंतर बसने काही घटकांचे. काढ्याच्या भरवशावर बसलेला रुग्ण तेवढेही अंतर कापत नाही.

२४/
उपचार चालू ठेवून सोबत पाला घेतला तर काय बिघडले, असा युक्तिवाद येतो. या पाल्याने रक्तदाब आणि रक्तशर्करा उतरल्याचे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. ज्याची त्यासाठीची गोळी आधीच चालू आहे, त्याच्या बाबतीत दोन्ही परिणाम एकत्र होऊ शकतात. केमोथेरपीत यकृत आणि मूत्रपिंडे आधीच ताणलेली असतात. म्हणून काढा घेतच असेल तर रुग्णाने तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे. आणि डॉक्टरांनीही तो ऐकताच रुग्णाला हिडीसफिडीस करू नये. रुग्ण लपवतो तो बहुधा त्या हिडीसफिडीसीच्या भीतीनेच.

२५/
कायदा या बाबतीत मुका नाही. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा १९५४ चा. ज्या रोगांवर खात्रीशीर इलाजाची जाहिरात करण्यास त्यात बंदी आहे, त्यांच्या अनुसूचीत कर्करोग आहे. म्हणजे लक्ष्मणफळाच्या पुडीवर ‘कर्करोगनाशक’ असे छापणे आज गुन्हा ठरू शकते आणि त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. मोबाइलवर फिरणाऱ्या बेनामी मजकुराला मात्र ना उत्पादक असतो, ना पत्ता. विक्रेता पुडीवर नुसते फळाचे नाव छापतो. बाकीचे काम मजकूर फुकटात करतो.

२६/
दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. सीताफळ अमेरिकेचे आहे हे कळताच काही उत्साही तरुण टाळ्या पिटतात : बघा, सगळी परंपराच खोटी! हा पहिल्याच चुकीचा उलटा चेहरा आहे. झाड परके निघाल्याने आयुर्वेद खोटा ठरत नाही. संहितांनी त्या झाडाविषयी काही म्हटलेच नव्हते. ग्रामीण महाराष्ट्राने चारशे वर्षांत या झाडाविषयी स्वतः जे ज्ञान कमावले, त्याचे मोलही त्यामुळे घटत नाही : पाला कीड मारतो, बी विषारी आहे, गुरे तोंड लावत नाहीत, गर तेवढा खावा. हे सारे निरीक्षण अचूक आहे आणि रसायनशास्त्राने त्याला दुजोरा दिला आहे. मोबाइलवरच्या मजकुराने ज्या परंपरेचा जयघोष चालवला आहे, तिचे हे एकमेव खरे ज्ञानच त्याने पुसून टाकले.

२७/
जाता जाता आणखी एक नाव. लक्ष्मणफळाच्या समर्थनात लक्ष्मणरेषेचा दृष्टान्तही कुणीतरी हमखास देते. ती रेषाही वाल्मीकी रामायणात नाही. ती नंतरच्या कथांत आली. नंतर आली म्हणून ती कथा वाईट ठरत नाही, फक्त तिचे वय वेगळे. सीताफळाचेही तसेच. आणि या हंगामात कुणाच्या घरी उवांसाठी त्याच्या बिया वाटल्या जात असतील, तर ती वाटी आधी बाजूला ठेवावी. पूड डोळ्यांत गेलीच, तर डोळा न चोळता स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे.